अटारीचे दार आणि वऱ्हाडातले संसार

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे सव्वीस निरपराध माणसांची हत्या झाली. त्यांत सहाजण महाराष्ट्रातले होते. त्या हत्याकांडाचा निषेध करताना कोणाही समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात किंतु असण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने अटारीची चौकी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि पाठोपाठ पाकिस्तानी नागरिकांना दिलेले बहुतेक सर्व व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द ठरवले. उपचारासाठी आलेल्यांना त्यापुढे दोन दिवसांची सवलत मिळाली. मारेकरी व्हिसाच्या रांगेत उभे राहून आले नव्हते. या आदेशाचा घाव पडला तो रीतसर अर्ज करून, पोलिसांत नोंद करून, नवऱ्याला वा बायकोला भेटायला आलेल्या साध्या माणसांवर. त्या घावाचा विचार आपल्या पक्षात पुरेसा झाला नाही, म्हणून हा प्रपंच.

हा प्रश्न पंजाबचा किंवा काश्मीरचा आहे, वऱ्हाडला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबे अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात आणि अकोल्याच्या सिंधी कॅम्पात वसली. त्यांचे सारेच नातलग एका वेळी आले नाहीत. काही दशकांनी आले, काही अजूनही तिकडेच आहेत. अकोला, बाळापूर, अचलपूर येथल्या मुसलमान वस्त्यांतही कराचीला चुलता किंवा मावशी असणे नवलाचे नाही. जिथे नातेगोते आहे तिथे सोयरीक होणारच. २०२५च्या एप्रिलअखेर राज्यातील पाकिस्तानी नागरिकांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा एकूण आकडा पाच हजारांच्या आसपास सांगितला गेला. त्यांतले निम्म्याच्या जवळपास एकट्या नागपुरात होते, आणि अमरावती व अकोला ही नावेही यादीत होती. यांतले बरेचसे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारे सिंधी हिंदू होते आणि त्यांना आदेशातून वगळले होते, हे खरे. पण वगळले जाणे म्हणजे निश्चिंत होणे नव्हे. ज्याची बायको किंवा आई पलीकडे अडकली आहे, त्याच्या दृष्टीने अटारीचे दार बंदच झाले.

त्या आठवड्यात अटारीवर काय घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. पाकिस्तानी पुरुषाशी विवाह केलेल्या, परंतु भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या कित्येक स्त्रिया माहेरी आल्या होत्या. मुदत संपण्याआधी त्या परत निघाल्या, तेव्हा त्यांना त्यांच्याच देशाने अडवले. मुले पाकिस्तानी नागरिक म्हणून त्यांनी जायचे आणि आई भारतीय म्हणून तिने थांबायचे, असा तो हुकूम होता. भारतात न परतण्याची मुभा देणारा विशेष व्हिसा ज्यांच्याजवळ होता, त्यांनाही आधी थांबवून ठेवण्यात आले. उलट बाजूला, भारतीय पुरुषांच्या पाकिस्तानी बायकांना घराबाहेर काढून सीमेकडे नेण्यात आले. जम्मूतल्या एका साठी उलटलेल्या स्त्रीची हकिगत न्यायालयात गेली म्हणून आपल्याला कळली. पस्तीसहून अधिक वर्षे ती नवऱ्याच्या घरी नांदत होती, दीर्घ मुदतीचा व्हिसा दरवर्षी वाढवून घेत होती, आणि नागरिकत्वासाठी तिने १९९६ मध्ये केलेला अर्ज दप्तरात पडून होता. तिला एप्रिलअखेर सीमेपार पाठवले गेले. जून २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर व लडाख उच्च न्यायालयाने तिला परत आणण्याचा आदेश दिला. त्यानंतर सरकारने तिला व्हिसा देण्याचे मान्य केले, पण कोणता? पाहुणीचा. ज्या घरात तिने आयुष्य काढले, त्या घरात शिरताना तिच्या हाती पर्यटकाचा कागद!

एवढ्या एका उदाहरणातून मूळ दोष स्पष्ट होतो. सरकारच्या लेखी नवऱ्याकडे वा बायकोकडे जाणे ही सवलत आहे, आणि सवलत म्हटली की ती देणाऱ्याच्या मर्जीने काढून घेता येते. सरहद्दीवर एकदा परत फिरवले की तो नकार माणसाच्या कागदपत्रांना चिकटतो. पुढच्या प्रत्येक अर्जात ‘पूर्वी प्रवेश नाकारला होता काय?’ या रकान्यात त्याला ‘होय’ लिहावे लागते, आणि नकाराचे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते.

ही रीत आजची नाही. फाळणीनंतर जवळपास वर्षभर दोन्ही देशांत ये-जा करण्यास कागद लागत नसे. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिटची अट आली आणि १९५२च्या ऑक्टोबरात पारपत्र व व्हिसाची पद्धत सुरू झाली. त्या काळातले दोन खटले कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. ‘बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग’ या १९५५च्या निकालात एका स्त्रीचा प्रश्न होता. ती जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. उपचारासाठी गेले होते, असे तिचे म्हणणे. परत आली ती तात्पुरत्या परमिटवर. नवरा भारतीय असल्यामुळे आपणही भारतीयच, हा तिचा दावा सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदाखाली ती स्थलांतरित ठरली. याच्या एक वर्ष आधी मात्र ‘इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात त्याच न्यायालयाने परमिटच्या कायद्याचे सातवे कलम घटनाबाह्य ठरवले होते. परमिटचा नियम मोडल्याच्या नुसत्या संशयावरून भारतीय नागरिकाला देशाबाहेर घालवता येणार नाही, असा त्याचा आशय. नागरिकाला संरक्षण मिळाले, पण नागरिकाच्या जोडीदाराला मिळाले नाही. सत्तर वर्षे झाली तरी आपण तिथेच उभे आहोत.

आणि हे केवळ भारत-पाकिस्तानच्या वैराचे फळ आहे, असेही मानू नये. लोकशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या ब्रिटनने काय केले? जानेवारी १९७९ मध्ये पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. वाग्दत्त वधूला त्या वेळी आगाऊ परवान्याची गरज नव्हती, पत्नीला होती. ही बाई आधीच विवाहित असावी, असा संशय अधिकाऱ्यांनी घेतला आणि ती कुमारिका आहे की नाही हे पुरुष डॉक्टरकडून तपासून घेतले. ही बातमी फुटल्यावर भारतात संतापाची लाट उसळली आणि तो प्रकार बंद झाला. निदान ऐंशी स्त्रियांना अशा तपासणीतून जावे लागले होते, हे पुढे २०११ मध्ये संशोधकांनी सरकारी दप्तरांतूनच दाखवून दिले. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या तीन स्त्रियांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. पुरुषाला पत्नी आणता येते, मग आम्हांला पती का आणता येत नाही, हा त्यांचा सवाल होता. १९८५ मध्ये न्यायालयाने तो भेदभाव मान्य केला. त्यावर ब्रिटिश सरकारने उपाय असा काढला की पत्नींनाही पतींइतकेच कडक नियम लावले. समता आली, पण दोघांनाही अडवून!

अमेरिकेचा अनुभव आपल्या मध्यमवर्गाच्या अधिक जवळचा आहे. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली शेकडो मुले-मुली तिकडे आहेत, आणि त्यांचे जोडीदार मुंबईच्या वकिलातीत खेपा घालतात. पाहुणा म्हणून जाऊ पाहणारा प्रत्येक माणूस तिकडेच राहणार, असे तिथला कायदा गृहीत धरतो, आणि ते खोटे ठरवण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतो. ज्याचा जोडीदारच तिकडे आहे, त्याने ते कसे खोटे ठरवावे? १९९६च्या कायद्याने तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला न्यायाधीशासमोर न नेता परत धाडण्याचा अधिकार दिला. असा हुकूम झाला की पाच वर्षे प्रवेशबंदी. आपल्या सुशिक्षित घरांना हा जाच कळतो, त्याबद्दल ती तळमळीने बोलतात. तोच जाच सिंधी कॅम्पातल्या किंवा बाळापूरच्या मोहल्ल्यातल्या माणसाला होतो तेव्हा मात्र ती राष्ट्रीय सुरक्षेची भाषा बोलू लागतात. ही दुटप्पी वृत्ती आपण उघड केली पाहिजे.

विदर्भाला तर या बाबतीत आपलाच एक थोर दाखला आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांनी मायदेश बंद केला म्हणून ते मेक्सिकोत राहिले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्यावर आणि गव्हावर मोलाचे संशोधन केले, आणि त्यांनी बेल्जियन स्त्रीशी संसार मांडला. देश स्वतंत्र झाल्यावर ते यायला निघाले, तर इंग्रजांची बंदी स्वतंत्र भारताच्या दप्तरातही तशीच होती, आणि ती उठेपर्यंत त्यांना अडवले गेले! राज्य बदलते, पण काळ्या यादीवरून नाव खोडण्याची आठवण कोणाला होत नाही. शेवटी ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यासाठी बोलणारे लोक होते, म्हणून ती चूक दुरुस्त झाली. ज्यांच्यासाठी कोणी बोलत नाही, त्यांचे काय?

आता आक्षेपाचा विचार करू. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला प्रवेश द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार राज्यसंस्थेला नसावा काय? अवश्य असावा. पण चौकशी करणे आणि सरसकट हाकलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विवाहाच्या नात्याने आलेल्या व्यक्तीची पोलीस पडताळणी झालेली असते, पत्ता नोंदलेला असतो, हालचालींवर अटी असतात. सरकारला ज्यांची सर्वांत जास्त माहिती आहे, अशी ही माणसे. त्यांच्यापैकी कोणाविरुद्ध पुरावा असेल तर तो मांडावा, खटला भरावा. पुरावा नसताना राष्ट्रीयत्वावरून साऱ्यांना एका दोरीने बांधणे हे सुरक्षेचे काम नव्हे. लोकक्षोभाला दिलेला तो नैवेद्य आहे.

धर्माचा प्रश्नही टाळून चालणार नाही. २४ एप्रिलच्या आदेशानंतर परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला तो हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असा. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीतही सहा धर्मांची नावे आहेत आणि इस्लाम नाही. सिंधी हिंदू निर्वासिताला आसरा मिळालाच पाहिजे; त्याविषयी आपला वाद नाही. आपले म्हणणे एवढेच की बायकोची नवऱ्याविषयीची ओढ धर्म पाहून कमीजास्त होत नाही, तेव्हा कायद्यानेही ती धर्माच्या मापाने मोजू नये.

कुटुंब हा समाजाचा नैसर्गिक व मूलभूत घटक आहे आणि त्याला राज्याने संरक्षण दिले पाहिजे, असे नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे तेविसावे कलम सांगते. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला, पाकिस्तानने २०१० मध्ये. मात्र परकीयांच्या हकालपट्टीसंबंधीच्या तेराव्या कलमाबाबत भारताने आपला स्वतःचा परकीयविषयक कायदा लावण्याचा हक्क राखून ठेवला. तो कायदा म्हणजे १९४६चा, इंग्रजांच्या अमदानीतला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण सरकारी अधिकाराला मोकळे रान देण्याची जुनी वृत्ती त्यातही कायम आहे.

म्हणून पक्षाने पुढील मागण्या स्पष्टपणे मांडाव्यात. भारतीय नागरिकाच्या पती वा पत्नीचा व्हिसा सरसकट आदेशाने रद्द होऊ नये. प्रत्येकाबाबत कारणे देणारा लेखी हुकूम असावा आणि त्याविरुद्ध अपील असावे. सीमेवरून परत फिरवलेल्या जोडीदाराच्या पुढील अर्जाचा निर्णय ठराविक मुदतीत व्हावा, आणि जुना नकार हे नव्या नकाराचे कारण होऊ नये. विवाहाच्या नात्याने नागरिकत्व मागायला कायद्याने भारतात सात वर्षांचा निवास लागतो. तो पूर्ण केलेल्यांचे अर्ज वर्षानुवर्षे कुजत ठेवू नयेत. आणि दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलत नसली, तरी विभक्त जोडप्यांसाठी सीमेवरची एक खिडकी उघडी राहावी.

वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांना आज करता येण्यासारखे कामही आहे. परकीयांची नोंद अमरावती शहरात पोलीस आयुक्तालयात आणि अकोल्यात पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात होते. तिथे जाणाऱ्या कुटुंबासोबत एक कार्यकर्ता आणि एक वकील असावा. अर्जाची पोच घ्यावी, मुदतीची तारीख वहीत नोंदवावी. सिंधी कॅम्प आणि मुसलमान मोहल्ला या दोन्ही ठिकाणी हेच काम करावे, आणि दोन्हींकडच्या माणसांना एकाच बैठकीत बसवावे. आपले दुःख एकच आहे, हे त्यांना भाषणातून कळणार नाही, शेजारी बसून कळेल.

डॉक्टर राममनोहर लोहियांनी भारत-पाक महासंघाची कल्पना आयुष्यभर मांडली. १९६४ मध्ये दीनदयाळ उपाध्याय यांच्यासारख्या विरोधी विचाराच्या नेत्यासोबत त्यांनी त्यासाठी संयुक्त निवेदनही काढले. तो महासंघ आज दूरची गोष्ट वाटते. वऱ्हाडने मात्र सरहद्दी बदलताना पाहिल्या आहेत. निजामाचा हा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. बऱ्हाणपूर आणि बैतूल तेव्हा दुसऱ्या राज्यात राहिले, पण अमरावतीची लेक तिकडे नांदायला जायची थांबली नाही. तिला माहेरी येताना कोणी परवाना विचारला नाही. दोन सार्वभौम देशांत तितकी मोकळीक लगेच येणार नाही. पण नवऱ्याला बायकोपर्यंत पोचता यावे, एवढी वाट ठेवायला महासंघाची वाट पाहण्याचे कारण नाही. तेवढी मागणी आपण आजच केली पाहिजे, आणि ती लोकांना आवडो वा न आवडो, करीत राहिली पाहिजे.