एका स्वराचा धीर

माजलगावसारख्या तालुक्याच्या गावी बाजारात वा जत्रेत बांबूच्या बासऱ्या विकावयास येतात. एखादा मुलगा मोठ्या हौसेने आडवी बासरी विकत घेतो. चार दिवस तो फुंकर मारून पाहतो. परंतु नाद उमटत नाही, नुसती हवा फुसफुसते. पाचव्या दिवशी बासरी कोनाड्यात जाते आणि घरची मंडळी म्हणतात, "याच्या अंगी कलाच नाही." हा निवाडा अन्यायाचा आहे. उणीव असते ती कलेची नव्हे, धीराची.

पेटीची पट्टी दाबून भाता हलविला, की स्वर तयार मिळतो. बासरीत तो वादकाला स्वतः घडवावा लागतो. खालचा ओठ फुंकरीच्या छिद्राशी टेकवून श्वासाची बारीक धार त्याच्या पलीकडच्या कडेवर सोडावी लागते. ती किंचित चुकली, तरी नाद हरपतो. छिद्रे बोटांच्या टोकांनी नव्हे, तर पहिल्या पेराच्या मऊ भागाने झाकावी लागतात. वरची तीन छिद्रे झाकली असता षड्ज निघतो. त्यांतील खालचे एक बोट उचलले, की ऋषभ आणि दुसरे उचलले, की गांधार. मात्र षड्ज स्थिर व भरदार लागेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये.

मुलांना गाणे हवे असते, एकाच स्वराचा त्यांना कंटाळा येतो, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण कापऱ्या स्वरांतील गाणे वाजविणाऱ्यालाही फार दिवस रुचत नाही.

पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म 1938 साली अलाहाबाद येथे झाला. पुढे मुंबईत ते अन्नपूर्णादेवींकडे शिकावयास गेले, तेव्हा ते नवशिके नव्हते. वादक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. तरीही आरंभापासून शिकण्याची तयारी दाखविण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. उजवीकडची सवय मोडून ते डावीकडे बासरी धरून वाजवू लागले.

गाव लहान आहे, ही सबबही पुरती पटत नाही. थोर पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर याच बीड जिल्ह्यातील आपेगावचे. गुरू लाभला तर उत्तमच. तोवर भजनी मंडळातील पेटीशी आपला षड्ज ताडून पाहता येतो.

म्हणून कोनाड्यातील बासरी पुन्हा हाती घ्यावी. रोज थोडा वेळ एकच स्वर लावावा, आणि घरच्यांनीही त्या फुसफुशीला हसू नये.