बोटांचे वळण
मनगट दुखू लागल्यामुळे सूनबाईंनी आम्हांस मधोमध दुभंगलेला कळफलक आणून दिला. असा कळफलक मायक्रोसॉफ्टने १९९४ साली विक्रीस आणला होता. त्यावर हात कोपरापासून सरळ राहतात, मनगट मुरडत नाही. परंतु पहिल्याच दिवशी आमच्या लेखनातून ‘व’ गळू लागला! इन्स्क्रिप्ट मांडणीतील ही कळ डाव्या भागात येते. आमची उजवी तर्जनी मात्र सवयीने मधल्या पोकळीत पडे. “मामंजी, ती कळ डाव्या हाताची,” सूनबाई हळूच म्हणाल्या. जन्मभर मुलांची लेखणी धरण्याची ढब सुधारणारे आम्ही क्षणभर ओशाळलो. मग रोज दहा ओळी गिरविल्या. तीन आठवड्यांनी ‘व’ परतला, मनगटही निवले. वाचकहो, साठीनंतरही वळण लागते. चूक दाखविणाऱ्याचे वय तेवढे पाहू नये.