छेद कोणी शिकवायचा?

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. पाठोपाठ हा आकडा ३१ वर गेला. औषधे नव्हती, माणसे अपुरी होती, असा आरोप झाला. रुग्ण अत्यवस्थ स्थितीतच आले होते, असे प्रशासनाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. २४ म्हणजे कितींपैकी २४? आणि एरवी किती?

हा प्रश्न विचारता येणे म्हणजेच संख्याशास्त्राची पहिली पायरी. परंतु वैद्यकाच्या पदवीत हा विषय सामाजिक वैद्यकशास्त्राच्या एका कोपऱ्यात बसविलेला आहे; नर्सिंगच्या पदवीत तो संशोधनाच्या शेपटाला बांधला आहे. विद्यार्थी प्रमाण विचलनाचे सूत्र पाठ करतात, कुणीतरी रचलेल्या आकड्यांवर काय-वर्ग कसोटी लावतात, गुण मिळवतात आणि विसरतात. ज्या वॉर्डात ते रोज वावरतात, त्या वॉर्डाची नोंदवही वर्गात कधी येत नाही.

ती आली तर काय होईल? समजा, एखाद्या मोठ्या रुग्णालयात दिवसाला सरासरी १२ मृत्यू होतात आणि ते एकमेकांशी संबंध नसताना घडतात. मग निव्वळ योगायोगाने एका दिवशी २४ किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यता हजारात दीड, म्हणजे असा दिवस पावणेदोन-दोन वर्षांतून एखादा. सरासरी १६ असेल, तर तसा दिवस जवळजवळ महिन्याला एक येईल. आकडा तोच, पण पहिल्या ठिकाणी त्याच दिवशी चौकशी सुरू व्हावयास हवी, दुसऱ्या ठिकाणी त्या एका दिवसापेक्षा सबंध वर्षाची. हा हिशेब येणारी परिचारिका अफवेलाही बळी पडणार नाही आणि सारवासारवीलाही.

कारण सारवासारवीचे आवडते हत्यार सरासरी हेच आहे. ‘एवढे मृत्यू नेहमीचेच’ हे वाक्य योगायोगाचा खुलासा करील. निर्दोषत्वाचा दाखला ते देऊ शकत नाही. नेहमीचेच असतील, तर नेहमी इतके का, हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी देशातील २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात असे सांगितले, तेव्हा सरकार पक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला होता. गिरणीमालक आणि शेतमजूर यांची एकत्र सरासरी काढली की शेतमजुराची भूक कागदावरून नाहीशी होते, हा त्या वादाचा धडा. रुग्णालयाच्या सरासरीतही किनवट-माहूरहून शंभरावर किलोमीटर आलेली बाळंतीण अशीच नाहीशी होते.

छेदाची दुसरी बाजूही शिकविली पाहिजे. खासगी दवाखाना अखेरच्या घटकेला रुग्ण सरकारी रुग्णालयाकडे धाडतो; मृत्यू सरकारच्या खाती पडतो आणि खासगी दवाखान्याची वही स्वच्छ राहते. अशा दोन वह्यांची तुलना म्हणजे तापाच्या रुग्णाची आणि निरोग्याची शर्यत. जन्मवजन, येतानाची अवस्था, कोठून पाठविले आणि किती तासांनी पोचले, हे न नोंदता काढलेला मृत्युदर गरिबांच्या रुग्णालयाला बदनाम करतो आणि त्या रुग्णालयाच्या खऱ्या त्रुटीही झाकतो.

डॉक्टरांचे काम उपचाराचे, आकडेमोड इतरांनी करावी, असे म्हटले जाते. परंतु फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लष्करी रुग्णालयांतील मृत्यूंची मांडणी केली, ती सैनिकांच्या शुश्रूषेचाच भाग म्हणून. ज्याला छेद विचारता येत नाही, त्याला खाटा, परिचारिका वा औषधे मागतानाही केवळ गाऱ्हाणे मांडता येते, पुरावा नव्हे.

उपाय दूरचा नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ विष्णुपुरीतच आहे. तेथील गणिताचे अध्यापक आणि रुग्णालयाचे डॉक्टर यांनी एका वर्गात उभे राहावे. रुग्णांची नावे गाळून नोंदवही फळ्यावर यावी. दाखल, पाठविलेले, बरे झालेले आणि मृत असे आकडे रुग्णालयाने दरमहा जाहीर करावेत. परीक्षेत सूत्राऐवजी त्या आकड्यांवर प्रश्न यावेत. त्या बारा अर्भकांचा आयुष्याचा हिशेब फार लवकर संपला. त्यांच्यामागून येणाऱ्यांचा हिशेब ठेवणारे हात आज याच वर्गांत बसलेले आहेत.