इंजिन खोलण्याआधी सेल्फचा करंट बघा, आणि त्या तपासणीचे पैसे घ्या



"दादा, गॅरेज टाकायचंय. आधी काय घेऊ?" हा प्रश्न मला दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. प्रत्येकाच्या यादीत पाना-सेट, जॅक, हवेचा कॉम्प्रेसर असतो. तपासणीचं साधन मात्र कुणाच्याच यादीत नसतं. माझं स्पष्ट मत आहे, नवीन गॅरेजवाल्याची खरी कमाई तिथेच आहे.

का म्हणतो, ते ऐका. बोरीत माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. सुरुवातीच्या दिवसांत एक जीपवाले काका आले. गाडी थरथरत होती, ओढत नव्हती. मिस्त्रीने सांगितलं होतं, रिंगा गेल्या. मी चारही सिलिंडरच्या रिंगांचा सेट दिला. बिल मोठं झालं, मी खूश. इंजिन खोललं तर रिंगा चांगल्या, एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला! काका म्हणाले, "शेठ, तुम्ही तरी विचारायचं होतं." ते पुन्हा दुकानात आले नाहीत. बीबीएला मी ग्राहक टिकवण्यावर पेपर लिहिला होता. खरा धडा त्या दिवशी मिळाला.

आता मुद्द्याचं. सेल्फ मारला की स्टार्टर मोटर इंजिन फिरवते. पिस्टन हवा दाबताना मोटरवर जोर येतो, करंट वाढतो. दाब सुटला की करंट कमी होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत असे चार उंचवटे येतात. चारही सारखे असतील तर चारही सिलिंडरचा दाब जवळपास सारखा. एक बुटका दिसला तर तो सिलिंडर दाब धरत नाही. जुने मिस्त्री सेल्फच्या आवाजातली लय ऐकून हेच ओळखतात. त्यांचा कान तुम्हाला एका वर्षात येणार नाही, ग्राफ वाचणं मात्र काही आठवड्यांच्या सरावात जमेल.

इथे खरेदीत फसू नका. नुसते आकडे दाखवणारा क्लॅम्प मीटर या कामाला पुरत नाही. सेल्फवर इंजिन मिनिटाला २०० फेरे फिरलं, तर सेकंदाला सहा-सात उंचवटे येतात. मीटरचा आकडा तेवढ्या वेगाने बदलत नाही. ग्राफ दाखवणारा ऑसिलोस्कोप आणि डीसी करंटचा क्लॅम्प लागतो. फक्त एसी मोजणारा क्लॅम्प इथे चालत नाही.

पद्धत अशी. बॅटरी पूर्ण चार्ज, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल किंवा इग्निशन बंद करा. बॅटरीच्या जाड केबलला क्लॅम्प लावा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. सुरुवातीचा मोठा झटका सोडून द्या, पुढचे उंचवटे बघा. बुटका सिलिंडर नेमका कितवा, हे कळायला दुसऱ्या चॅनलवर एक नंबर सिलिंडरचा सिग्नल घ्या आणि फायरिंग ऑर्डरने मोजा.

मर्यादाही ग्राहकाला सांगा. ही तपासणी सिलिंडरची आपसात तुलना करते. चारही सारखेच झिजले असतील तर ग्राफ सरळच दिसेल. तिथे कॉम्प्रेशन गेज लावावाच लागतो. शिवाय दोष व्हॉल्व्हमध्ये, रिंगमध्ये की हेड गॅस्केटमध्ये, हे करंट सांगत नाही. त्यासाठी सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघायचं. पण कुठे शोधायचं हे पाच मिनिटांत कळतं, आणि एकही बोल्ट न उघडता.

आता हिशोब. समजा, सगळं साहित्य २०,००० रुपयांत बसलं आणि तुम्ही एका तपासणीचे ३०० रुपये घेतले. ६७ गाड्यांत पैसे वसूल. प्रत्यक्ष भाव दोन-तीन ठिकाणी विचारून हाच हिशोब मांडा. भांडवल कमी असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे.

काही जण म्हणतील, "आपल्याकडे नुसतं बघायचे पैसे कोण देतं?" फुकट बघितलं तर कुणीच देणार नाही. ग्राफ मोबाईलवर दाखवा, छापील पावती द्या, आणि काम तुमच्याकडेच केलं तर ते ३०० रुपये बिलातून वजा करा. सोयाबीन काढणीच्या हंगामात ट्रॅक्टर चार दिवस विनाकारण खोलून पडला, तर शेतकऱ्याचं नुकसान त्या ३०० पेक्षा कितीतरी मोठं असतं. हे त्याला नीट कळतं, आपण सांगायला लाजतो.

आज एक काम करा. तुमच्या गॅरेजच्या खर्चाची यादी काढा आणि तपासणीच्या साधनाला वरच्या तीन ओळींत जागा द्या. पाने सगळ्यांकडेच असतात. न खोलता खरं सांगणारा माणूस गावात एखादाच असतो. तो तुम्ही व्हा.