हिरव्या दिव्यावर किती विसंबायचे?

एखाद्या वाचनालयाने जुने अंक संगणकावर आणले, की त्यातला हवा तो शब्द शोधून देण्यासाठी शोधयंत्रणा लागते. ‘इलॅस्टिकसर्च’ ही त्यांपैकी एक. शे बॅनन यांनी ती २०१० साली आणली. ही यंत्रणा माहितीचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवर वाटते आणि प्रत्येक तुकड्याची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवते. मूळ तुकडा आणि त्याची प्रत एकाच सर्व्हरवर कधी ठेवली जात नाही. हेतू साधा आहे. एक सर्व्हर बंद पडला तरी माहिती हाताशी राहावी.

प्रती किती असाव्यात हे आपण सांगू शकतो. नाही सांगितले तर एक. पण हे काम यंत्रणेवरच सोपवण्याचीही सोय आहे. ‘ऑटो एक्सपांड रेप्लिकाज’ या सेटिंगमध्ये कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन मर्यादा द्यायच्या, उदाहरणार्थ ‘०-१’ किंवा ‘०-ऑल’. सर्व्हर वाढले की प्रती वाढतात, सर्व्हर गेले की घटतात. माणसाने लक्ष घालायची गरज नाही.

माझा आक्षेप आहे तो त्यातल्या शून्याला.

समजा, दोन सर्व्हर आहेत आणि मर्यादा ‘०-१’ आहे. रात्री एक सर्व्हर बंद पडला. आता प्रत ठेवायला जागाच नाही, म्हणून यंत्रणा प्रतींची अपेक्षाच शून्यावर आणते. अपेक्षा पूर्ण झाली, म्हणून त्या इंडेक्सचा दिवा हिरवा! तीच संख्या आपण हाताने एक अशी ठरवली असती, तर दिवा पिवळा झाला असता. दोन्ही वेळा माहिती उरली आहे ती एकाच सर्व्हरवर. फरक इतकाच, की पिवळा दिवा ते सांगतो आणि हिरवा लपवतो.

यावर कुणी म्हणेल, ज्यांच्याकडे सर्व्हरच एक आहे त्यांनी कायम पिवळा दिवा बघत बसायचे का? हे म्हणणे खरे आहे. रोजच्या इशाऱ्याकडे माणूस लक्ष देईनासा होतो. इलॅस्टिकसर्च स्वतःच्या काही अंतर्गत इंडेक्ससाठी ‘०-१’ हीच मर्यादा वापरते, आणि तिथे ती योग्यच आहे. पण दुसरा सर्व्हर ज्यांनी सुरक्षिततेसाठीच पैसे मोजून घेतला, त्यांना तो बंद पडल्याचे कळायलाच हवे.

वरच्या टोकालाही ‘ऑल’ सरसकट लावू नये. ४० जीबीचा इंडेक्स दहा सर्व्हरवर पूर्ण ठेवला, तर ४०० जीबी जागा जाते आणि प्रत्येक नवी नोंद दहा ठिकाणी लिहावी लागते. लहान, सतत वाचल्या जाणाऱ्या इंडेक्सला हे परवडते. मोठ्या संग्रहाला नाही.

तेव्हा मोलाच्या माहितीसाठी खालची मर्यादा निदान एक ठेवा. किती सर्व्हर चालू आहेत, यावर वेगळी नजर ठेवा. आणि प्रतीला बॅकअप समजू नका. चुकून एखादी नोंद पुसली, तर ती सगळ्या प्रतींमधून पुसली जाते. त्यासाठी स्नॅपशॉट वेगळ्या जागी घ्यावा लागतो.

सर्व्हर येतील आणि जातील. त्यानुसार जुळवून घेणे यंत्राने खुशाल करावे. पण किती प्रतींखाली आपण जायचे नाही, हे ठरवणे मात्र ज्याची माहिती आहे त्याचे काम.