कंपनी लहान, लबाडी मोठी

यार्डात डबे धुण्याचे कंत्राट घेणाऱ्या छोट्या कंपन्यांत पगार मागितला की ठराविक उत्तर मिळते : बिल पास झाले नाही. अहो, डबे काय उधारीवर धुतले? सात तारखेपर्यंत पगार, हा लहान आस्थापनांना 1936 पासूनचा दंडक!

हजेरीपटावर 19 माणसे दाखवायची, उरलेली मेव्हण्याच्या फर्मवर, हा खेळ आम्ही वर्षानुवर्षे पाहिला. कारण 1970 चा कंत्राटी कामगार कायदा 20 कामगारांपासून लागू होई. 2020 च्या संहितेने आकडा 50 केला. आता मेव्हण्याचीही गरज नाही!

मात्र कंत्राटदाराने बुडवलेला पगार आस्थापनेच्या मालकाने द्यावा, असे 2019 ची वेतन संहिता सांगते. तेथे 20-50 ची अट नाही. थकबाकीचा कागद आम्ही कंत्राट देणाऱ्या साहेबाच्याच टेबलावर ठेवणार.