सोयीच्या सत्याचे संकट

नोव्हेंबर २०१६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली. मात्र निर्वाचक मंडळातील बहुमताच्या बळावर डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. निकाल लागला, समाज मात्र दुभंगलेलाच राहिला.

त्याच काळात, २०१७च्या वसंतात, एबीसी वाहिनीवरील 'एजंट्स ऑफ शील्ड' या मालिकेने एक मार्मिक कथानक मांडले. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एक यंत्रस्त्री नायक-नायिकांची मने आभासी जगात कोंडते. तेथे प्रत्येकाच्या आयुष्यातील एक शल्य पुसलेले असते. परंतु त्या जगावर राज्य असते 'हायड्रा' या हुकूमशाही संघटनेचे. दूरचित्रवाणी आणि शाळा तिचाच प्रचार करतात.

कथा काल्पनिक असली तरी तिचा इशारा खरा आहे. निवडणुकीनंतर जित आणि जेते दोघेही आपल्याला रुचेल तेवढेच सत्य मानू लागतात, तेव्हा दोघांना जोडणारे सामाईक सत्यच उरत नाही. पराभवाचे शल्य यंत्राने पुसायचे नसते, माणसाने पचवायचे असते. जनादेश स्वीकारून विरुद्ध मताच्या शेजाऱ्याशी संवाद राखणे, हेच लोकशाहीचे खरे रक्षण होय. मतभेद असावेत, मनभेद नसावेत!